उपवास की दुखणे?

सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा मंडळीची सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या मंडळीत एक तरुण आहे, वय बावीस-तेवीस. तो आपल्याच शरीरास जखमा करून घेतो. २०२१ साली महामारीच्या दुसऱ्या लाटेत हे प्रथम घडले. मध्यंतरी थांबले होते, ते आता पुन्हा उघडकीस आले आहे. पंचांनी बैठक घेऊन असे ठरविले की, शरीर हे देवाचे निवासस्थान असल्यामुळे त्याचा नाश करू पाहणाऱ्याने सहा महिने प्रभुभोजनास बसू नये. उपदेशक बंधू विचारतात की, हा ठराव योग्य झाला काय? आणि तो तरुण तेव्हापासून उपासनेसच येईनासा झाला आहे, तर त्याच्या घरी जावे की जाऊ नये?

दुसऱ्या प्रश्नास उत्तराची गरज नाही. हे वाचत असतानाच उठून जावे. पहिल्याचे उत्तर देण्याआधी मात्र आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांस भाग आहे. एका तरुण मुलीच्या बाबतीत आम्ही या पंचांच्या अगदी उलट निवाडा केला होता, आणि तोही तितकाच आंधळा होता. पुढील हकिगत तिच्या व तिच्या आईच्या संमतीने लिहीत आहोत. गावाचे नाव मुद्दाम गाळले आहे.

२५ मार्च २०२० पासून सर्व देश बंद झाला हे वाचक विसरले नसतील. शाळा व महाविद्यालये त्याआधीच बंद झाली होती. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. रावेरकडे केळीला गिऱ्हाईक मिळेना. त्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील मृत्यूचे प्रमाण इतके वाढले की जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत येऊ लागले. आणि मे महिन्यात आगऱ्याच्या रस्त्याने मुंबई-नाशिककडून निघालेले मजूर, डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरे घेऊन, धुळे व शिरपूर मागे टाकीत सेंधव्याकडे पायी जाताना आम्ही रोज पाहिले. रस्त्यालगतच्या पुष्कळ गावांनी त्यांस भाकरी-पाणी दिले. आमच्या मंडळीनेही दिले.

ही मुलगी धुळ्याच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षास होती. वसतिगृह रिकामे झाले तशी घरी आली. पहाटे चार वाजता उठून ती तीस-चाळीस भाकरी थापी, ठेचा वाटी, आणि फडक्यात बांधून रस्त्यावर घेऊन येई. तिच्या हातची भाकरी खाऊन किती माणसे पुढे गेली असतील याची गणती नाही. ती स्वतः मात्र खात नव्हती. आईला वाटे, ती आमच्याबरोबर खाते. आम्हांस वाटे, ती घरून जेवून येते. साऱ्या गावाचे डोळे रस्त्यावरच्या भुकेकडे लागले होते. चुलीपुढे बसलेली भूक कोणास दिसली नाही.

पुढे २०२१ साली, १७ फेब्रुवारीस दुःखसहनाचा काळ सुरू झाला. रुग्ण पुन्हा वाढू लागले होते व आमच्या पुष्कळ सभा फोनवरच होत. तेव्हा कोणीतरी सांगितले की, ही मुलगी चाळीस दिवस कडक उपवास करीत आहे. आम्ही काय केले? फोनवरील प्रार्थनासभेत सर्वांदेखत तिचे नाव घेतले आणि म्हटले, “तरुणांनो, हिच्याकडे पाहा.” उपवास गुप्तपणे करावा, तोंड धुऊन व डोक्यास तेल लावून करावा, असे आपल्या प्रभूने डोंगरावरील उपदेशात शिकविले आहे. त्यावर आम्ही किती वेळा बोललो असू! आणि तरीही एका मुलीच्या उपवासाची दवंडी आम्हीच पिटली.

४ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण आला. मंडळीचा उपवास सुटला. तिचा सुटला नाही. पावसाळ्यात निंदणीच्या वेळी ती शेतात चक्कर येऊन पडली. तेव्हा आईने तिची वेणी सोडली तर केस हातात आले. पाळी कित्येक महिने बंद होती, आणि भर उकाड्यात ती गोधडी पांघरून बसे. तिचे वजन किती भरले ते येथे छापीत नाही, कारण असे आकडे वाचून दुसऱ्या मुली त्यांच्याशी स्पर्धा करू लागतात, असे डॉक्टरांनी आम्हांस बजावून सांगितले आहे.

पुष्कळ महिन्यांनी, औषधोपचाराने ती थोडी सावरल्यावर, आम्ही तिची क्षमा मागण्यास गेलो. ती रागावली नाही. तिने एवढेच सांगितले, “पाळकसाहेब, त्या दिवशी तुम्ही माझे नाव घेतले, आणि मला वाटले, आता मला थांबता येणार नाही.” हे सुरू कसे झाले असे विचारले तेव्हा म्हणाली, “कॉलेज बंद, बाबांचे काम बंद, तिघा भावंडांत एक मोबाईल, रोज कोणीतरी गेल्याची बातमी. सगळे दुसऱ्याच्या हाती होते. ताट तेवढे माझ्या हाती होते.”

वाचकहो, उपवास कोणता आणि दुखणे कोणते, हे ओळखावयाचे कसे? आपण ज्या समाजातून आलो त्यात आपल्या आज्या-पणज्या उपवास करीत. मंडळीत आल्यावर दिवस बदलले, पण न खाणारी ती पुण्यवान ही समजूत पुष्कळ घरांत तशीच राहिली. हा दोष केवळ आपलाच आहे असे नव्हे. इटली देशात सिएना नगरची कॅथरीन नावाची बाई होऊन गेली; १३८० साली तेहेतीस वर्षांची असताना ती मरण पावली. शेवटी तिला अन्न जात नसे, आणि तिच्या पाळकांनी आग्रह केला तरी खाता येत नाही असे ती सांगे. लोकांनी तिला संत म्हटले. तिच्या भक्तीविषयी शंका घेण्याचा आम्हांस अधिकार नाही, परंतु आज एखाद्या चांगल्या डॉक्टरने तिला तपासले असते तर त्याने स्तुतीबरोबर उपचारही सुरू केले असते असे आम्हांस वाटते. ह्या दुखण्यास वैद्यकशास्त्रात स्वतंत्र जागा मिळाली ती १८७३ च्या सुमारास, लंडनच्या डॉक्टर गल व पॅरिसच्या डॉक्टर लासेग यांच्या लेखांनी. मनाच्या विकारांत ज्यांमुळे सर्वांत अधिक मृत्यू होतात त्यांपैकी हा एक. मुलांनाही तो होतो. त्याचा एक भाऊबंद असा आहे की त्यात मनुष्य लपून खूप खातो व मग ओकून टाकतो. त्याचे वजन पुष्कळदा नेहमीसारखेच असते, म्हणून तो अधिकच लपून राहतो. महामारीच्या दोन वर्षांत अनेक देशांतील इस्पितळांत अशा दुखण्याच्या किशोरवयीन मुली पूर्वीपेक्षा अधिक संख्येने आल्या. तेव्हा आमच्या गावात जे घडले ते एकट्या आमच्याच गावाचे नव्हते.

खऱ्या उपवासाचे उदाहरण शोधण्यास खानदेशच्या बाहेर जावयास नको. साने गुरुजी जन्माने कोकणातले, पण १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेथील वसतिगृहाची मुले सांभाळीत होते, आणि खानदेशाने त्यांस आपलेच मानले. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांस उघडावे म्हणून उपोषण आरंभिले. आपल्यापैकी किती जणांच्या वाडवडिलांस त्या दाराची पायरी चढण्याची मनाई होती हे येथे सांगण्याचे कारण नाही. दहा दिवसांनी मंदिर खुले होण्याचे ठरले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. ह्या उपवासाला कारण होते, ते कारण दुसऱ्याचे होते, आणि त्याला शेवट होता. उपवास सोडण्याची घटका आली की उपवास करणाऱ्यास आनंद होतो. दुखण्यात नेमके उलट: रोग्यास त्या घटकेचेच भय वाटते. आमच्या मुलीला पुनरुत्थानाच्या सणाची धास्ती वाटत होती, कारण त्या दिवशी सर्वांसमोर खावे लागणार होते. एवढी एक गोष्ट आम्ही तिला विचारली असती तर आम्हांस कळून चुकले असते.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. भूक स्वतःच मन बिघडविते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात, युरोपातील उपाशी लोकांस पुन्हा कसे खाऊ घालावे हे शोधण्यासाठी एक प्रयोग झाला. छत्तीस तरुण त्यात स्वखुशीने सामील झाले. युद्धात शस्त्र धरणार नाही असे विवेकाने म्हणणारे ते लोक होते. ब्रेद्रन, मेनोनाइट व क्वेकर मंडळ्यांतील पुष्कळ जण त्यांत होते. निरोगी, धट्टेकट्टे आणि श्रद्धावान. त्यांस चोवीस आठवडे सुमारे निम्मे अन्न देण्यात आले. वजन चतुर्थांश घटले, हे अपेक्षितच होते. परंतु ते चिडखोर झाले, मित्रांपासून दूर राहू लागले, उदास झाले, दिवसभर अन्नाखेरीज त्यांस दुसरे सुचेना. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमविली. एकाने आपल्या हातास गंभीर इजा करून घेतली, आणि ती मुद्दाम केली की चुकून झाली हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. विश्वास कमी पडला म्हणून ह्या माणसांचे असे झाले असे कोण म्हणेल? म्हणून उपाशी मुलीपुढे बसून बुद्धिवाद करण्यात फारसा अर्थ नाही. जे मन आपण समजावू पाहतो तेच भुकेने ग्रासलेले असते.

आता पत्रातील तरुणाकडे वळू. एप्रिलच्या उन्हात, खानदेशात माणूस बंडीही काढून टाकतो अशा दिवसांत, हा मुलगा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हिंडे, आणि कोणी कारण विचारले नाही. २०२१ च्या जूनमध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली. मुले मागील गुणांवरून उत्तीर्ण झाली. बाप त्याला म्हणाला, “परीक्षेवाचून पास झालास, तुझ्या पासाला किंमत काय?” बाप वाईट मनुष्य नाही असे उपदेशक लिहितात, त्याचा थोरला भाऊ त्याच आठवड्यात आजाराने गेला होता. जखमा दिसल्यावर त्याने मुलास मारले. शेजाऱ्यांनी बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेण्यास सांगितले.

असा प्रसंग नवा नाही. साने गुरुजी विद्यार्थी असताना औंध संस्थानात शिकत होते. तेथे प्लेगची साथ आली, शाळा बंद झाली, मुलांस घरी पाठविले. पालगडला घरी असताना एका रात्री आईवडिलांचे बोलणे त्यांच्या कानी पडले: ह्या मुलास शिकावयाचे आहे की नाही, असा संशय वडील बोलून दाखवीत होते. ते शब्द त्यांच्या जिव्हारी लागले आणि ते तडक पुण्यास निघून गेले. तेथे अर्धपोटी राहून ते शिकले. साथ, बंद शाळा, घरी बसलेला मुलगा आणि बापाच्या तोंडचे एक वाक्य! त्या मुलाने पुढे वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरली, त्यांस आईसारखी माया दिली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरून घेतली, ‘श्यामची आई’ लिहिली. आणि ११ जून १९५० रोजी त्याच साने गुरुजींनी आपले जीवन आपल्याच हाताने संपविले. त्याचे कारण अमुक एक होते असे सांगणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते. असे मरण क्वचितच एका कारणाने येते. आम्हांस येथे इतकेच विचारावयाचे आहे की, खानदेशात त्यांचे नाव काढताना कोणी त्यांना पापी म्हणतो काय? सर्वजण आदराने गुरुजी म्हणतात. मग जी क्षमा आपण थोर माणसास देतो ती आपल्या आळीतील पोरास का देत नाही?

पंच म्हणतील, हा भावनेचा प्रश्न झाला. शास्त्र काय सांगते? मंडळीने ह्या बाबतीत पूर्वी कठोरपणा केला आहे हे खरे. इंग्लंडातील मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात, ज्याने आपल्यावर हात टाकला त्याच्यासाठी प्रेतक्रियेची उपासना वाचू नये असा नियम छापला होता. परंतु शास्त्रातच पाहा. शौल राजा आपल्याच तरवारीवर पडून मेला. तेव्हा याबेश-गिलादाच्या माणसांनी रात्रभर चालून, जीव धोक्यात घालून त्याचा देह आणला, त्याच्या अस्थी पुरल्या व सात दिवस उपवास केला. त्यांस कोणी दोष दिलेला नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, गावाबाहेर कबरस्तानात राहून स्वतःस इजा करणारा मनुष्य आहे. गावाने त्याच्यासाठी काय केले होते? साखळदंड. प्रभूने त्याला त्याचे नाव विचारले, आणि शेवटी त्याला त्याच्या स्वतःच्या घरी पाठविले. जो स्वतःस जखम करतो त्यास भूतच लागले आहे असा अर्थ ह्यातून काढू नये. गावाने काय केले आणि प्रभूने काय केले ह्यांतील अंतर पाहावे. त्याच अध्यायाच्या शेवटी बारा वर्षांची मुलगी उठते, आणि सर्व जण थक्क होऊन उभे असता, हिला खावयास द्या हे प्रभूलाच सुचवावे लागते.

पाप ठरण्यास इच्छा स्वतंत्र असावी लागते. तापाने बरळणाऱ्यास आपण खोटे बोलल्याचा दोष देत नाही. डॉक्टर सांगतात की, स्वतःस जखम करणाऱ्या पुष्कळ तरुणांस मरावयाचे नसते. मनातील असह्य कोंडी क्षणभर सुटावी म्हणून ते हे करतात. तथापि ही गोष्ट हलकी मानू नये, कारण अशांच्या जिवास पुढे धोका अधिक असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे २०१९ साली देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. २०२० साली १२,५२६. २०२१ साली १३,०८९, आणि त्यांत महाराष्ट्रातील १,८३४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. सरकारनेही आपली दृष्टी बदलली आहे. मे २०१८ मध्ये अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले की, जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली असतो व त्यास शिक्षा नव्हे तर उपचार द्यावेत. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम तसे राहिलेच नाही. सरकारने शिक्षा खाली ठेवली, ती आमच्या पंचांनी उचलावी काय?

उपदेशक बंधूंनी त्या घरी गेल्यावर काय करावे, हे आम्ही स्वतः चुकून शिकलो म्हणून सांगतो. उपदेश करू नये. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला दोनदा भाकर व पाणी दिले आणि निजू दिले. बोलणे पुष्कळ पुढे, होरेब डोंगरावर झाले. जखमा दाखव म्हणू नये, शपथ घालू नये. परंतु, तुला जीव द्यावासा वाटतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत खोटी आहे. उलट कोणी विचारले ह्यानेच ओझे हलके होते. वाटते असे उत्तर आले तर त्याला एकटे सोडू नये, आणि फवारणीची औषधे घरातून हलवून कुलुपात ठेवण्यास बापास सांगावे. धुळ्याच्या व जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारांचे डॉक्टर आहेत. बरोबर जाऊन रांगेत बसावे. टेली-मानस म्हणून १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, त्यावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीत बोलता येते. आणि न खाणारी मुलगी असेल तर मायेपोटी तिला एकदम पोटभर चारू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकाएकी गेले तर रक्तातील क्षार उतरून जीव जाऊ शकतो. किती व कसे द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आता पंचांच्या ठरावाविषयी. ते करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेतात, की अयोग्य रीतीने जो खातो-पितो तो दोषी ठरतो. तो अध्याय त्यांनी वरून वाचावा अशी आमची नम्र विनंती आहे. पौल रागावला आहे तो कोणावर? जे आधी येऊन आपले पोट भरीत, आणि उपाशी भावाकडे पाहत नसत, त्यांच्यावर. त्या मेजावर अयोग्य कोण ठरला हे पंचांनी, आणि आम्हीही, शांतपणे विचारात घ्यावे. ठराव मागे घ्यावा. पुढील प्रभुभोजनाच्या आधी वडील मंडळींपैकी दोघांनी त्या तरुणास स्वतः जाऊन बोलवावे. आला नाही तर पुन्हा जावे.

आमच्याकडील मुलगी आता बरी आहे असे सरसकट म्हणता येत नाही. काही आठवडे चांगले जातात, काही जात नाहीत. औषध चालू आहे. तिने पदवी पूर्ण केली. गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणास वरण-बट्टी व वांग्याची भाजी होती, आणि पंगतीत ती आमच्या समोरच बसली. तिच्या पानाकडे कोणी पाहू नये, “अजून एक घे” असे कोणी म्हणू नये, हे बायकांनी आधीच आपसात ठरविले होते. तिने एक बट्टी मोडली, वरणात कुस्करली, अर्धी बाजूस ठेविली. आम्ही नको नको म्हणत असताही आमची नजर तिकडे गेलीच. तिने ते पाहिले आणि हसून म्हणाली, “पाळकसाहेब, तुमचे वरण निवते आहे.”